आर्ची मूर: 23 पराभव नावावर असलेल्या मुष्टियोद्ध्याची थोरवी कशी मोजावी?

सांजवेळ

नमस्कार. ऑक्टोबर 2024 मध्ये रियाध येथे आर्तुर बेतेर्बिएव आणि दिमित्री बिवोल यांच्यात लाइट हेवीवेट गटाची लढत झाली. ती आणि फेब्रुवारी 2025 मधली त्यांची फेरलढत, अशा दोन्ही लढती मी रात्री जागून पाहिल्या. पहिल्या लढतीला उभे राहिले तेव्हा दोघेही अपराजित होते. बेतेर्बिएवने वयाच्या 39व्या वर्षापर्यंत 20 लढती केल्या होत्या आणि विसाच्या वीस नॉकआउटने जिंकल्या होत्या. बिवोलच्या नावावर 23 विजय होते. या आकड्यांनी मी इतका भारावलो की या वजनगटाचा मागचा इतिहास वाचायला बसलो, आणि तिथेच अडलो.

या गटाचा सर्वांत थोर मुष्टियोद्धा कोण, याविषयी जाणकारांनी लिहिलेले जे काही वाचायला मिळाले त्यात आर्ची मूर हे नाव हमखास पहिल्या दोन-तिघांत असते. त्याची कारकीर्द 1935 ते 1963 अशी चालली. सुमारे 220 लढती, 131 नॉकआउट, आणि त्याबरोबर 23 पराभव. याहून वरच्या हेवीवेट गटातल्या मार्सियानो, पॅटरसन आणि क्ले (पुढचा मुहम्मद अली) या तिघांनीही त्याला नॉकआउट केले. जगज्जेतेपद मिळाले तेव्हा चाळिशी जवळ आली होती. आज एखादा मुष्टियोद्धा दोनदा हरला तरी त्याचे नाव मोठ्या लढतींच्या यादीतून मागे पडते. मग 23 वेळा हरलेल्या माणसाला एवढा मान कशासाठी दिला जातो? नॉकआउटच्या प्रचंड संख्येमुळे, दीर्घ कारकिर्दीमुळे, की जुन्या काळाविषयी सर्वांना वाटणाऱ्या ओढीमुळे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनी तालीम

प्रश्न चांगला आहे. माझ्या मते मूरची थोरवी नॉकआउटच्या संख्येत शोधू नये. जगज्जेतेपदाची संधी मिळण्यापूर्वी त्याला जी सतरा वर्षे काढावी लागली, ती कशी गेली हे पाहावे.

त्याचे जन्मनाव आर्चिबाल्ड ली राइट. जन्मवर्षाबद्दल घरातच दोन मते होती: आई 1913 सांगत असे, तो स्वतः 1916 म्हणत असे. आई-वडील विभक्त झाल्यावर सेंट लुईस येथे काका-काकूंनी त्याला वाढवले आणि त्यांचेच मूर हे आडनाव त्याने घेतले. किशोरवयात चोरीच्या गुन्ह्याबद्दल तो सुधारगृहात राहून आला, आणि 1935 पासून पैशासाठी लढू लागला. या धंद्यात प्रतिस्पर्धी कोण, लढत कुठे आणि बिदागी किती, हे मुष्टियोद्ध्याने नव्हे तर व्यवस्थापक आणि आयोजक यांनी ठरवायचे असते. ज्याच्याशी लढण्यात धोका मोठा आणि पैसा थोडा, अशा माणसाला टाळणे हा त्यांच्या दृष्टीने साधा हिशेब होता. मूर कृष्णवर्णीय होता, जोरदार ठोसा मारणारा होता, आणि एखाद्या वजनदार आयोजकाचे पाठबळही त्याच्यामागे नव्हते. कुस्तीच्या मैदानात जोड लावणाऱ्यांनी एखाद्या मल्लाला मुद्दाम बाजूला ठेवले तर त्याने ताकद दाखवायची कुठे? मूरचे नेमके तेच झाले.

त्या काळी असा तो एकटाच नव्हता. चार्ली बर्ली, एडी बुकर, लॉइड मार्शल, होल्मन विल्यम्स, जॅक चेस अशी कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांची एक पिढीच होती, जिच्याशी लढायला तेव्हाचे विजेते धजावत नसत. परिणामी ही मंडळी पुन्हा पुन्हा एकमेकांशीच लढत राहिली. बर्लीने 1944 मध्ये हॉलीवूड येथे मूरला गुणांवर हरवले. बर्लीला उभ्या आयुष्यात जगज्जेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. मूरच्या पराभवांची यादी उघडून पाहा: त्यातले कितीतरी पराभव याच लोकांकडून झालेले आहेत. आजचा अपराजित मुष्टियोद्धा वर्षाला एक किंवा दोन लढती करतो आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी पारखून घेतो. मूरने कारकिर्दीच्या भरात वर्षाला दहा-दहा लढती केल्या, त्याही अनेकदा थोड्या दिवसांच्या निरोपावर आणि परक्या गावात. त्यामुळे 23 हा आकडा आजच्या मापाने तोलता येत नाही.

युद्धामुळे आणखी एक अडचण आली. गस लेस्नेविच हा 1941 पासून या गटाचा विजेता होता, पण तो तटरक्षक दलात गेला आणि नोव्हेंबर 1941 ते मे 1946 या काळात विजेतेपदाची एकही लढत झाली नाही. त्याच 1941 मध्ये मूरच्या जठरातला व्रण फुटून तो मरणाच्या दारातून परत आला होता. युद्धानंतर विजेतेपद लेस्नेविचकडून 1948 मध्ये ब्रिटनच्या फ्रेडी मिल्सकडे आणि मिल्सकडून 1950 मध्ये जोई मॅक्सिमकडे गेले. मूर या सर्व काळात पहिल्या क्रमांकाच्या दावेदारांत होता आणि तरीही त्याला कोणी विचारत नव्हते. मॅक्सिमने जून 1952 मध्ये आपले विजेतेपद पणाला लावले, ते शुगर रे रॉबिन्सनसमोर, म्हणजे एक गट खालच्या मिडलवेट विजेत्यासमोर. कारण रॉबिन्सनच्या नावावर यांकी स्टेडियमची तिकिटे खपत होती. (त्या रात्रीच्या भयंकर उकाड्यात गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी उठूच शकला नाही, आणि त्याआधी रेफरीलाही उष्म्यामुळे बदलावे लागले होते. ती लढत वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

शेवटी 17 डिसेंबर 1952 रोजी सेंट लुईस येथे मूरला संधी मिळाली, पण तिची किंमत पाहा. मॅक्सिमला 1 लाख डॉलरची हमी द्यावी लागली आणि मूरच्या हातात सुमारे 800 डॉलर पडले, असे नोंदवले गेले आहे. एवढ्यावरच भागले नाही. मॅक्सिमचा व्यवस्थापक जॅक कर्न्स याने मूरच्या पुढच्या कमाईतही आपला वाटा राखून घेतला, म्हणजे लढत कोणीही जिंकली तरी कर्न्सचे नुकसान होणार नव्हते. मूरने पंधरा फेऱ्यांत मॅक्सिमला स्पष्टपणे हरवले. सुमारे 160 लढतींनंतर, वयाच्या 36व्या किंवा (आईचे म्हणणे मानले तर) 39व्या वर्षी तो जगज्जेता झाला. आपण बेतेर्बिएवच्या 39व्या वर्षाचा उल्लेख केलात म्हणून सांगतो: त्या वयापर्यंत एकाने 20 लढती केल्या होत्या आणि दुसऱ्याने 160.

उजवा हुक

जुनी तालीम यांनी इतिहास सांगितला. मी तंत्राविषयी लिहितो, कारण अठ्ठावीस वर्षे टिकून राहणे हे केवळ जिद्दीने साधत नाही.

मी महाविद्यालयात असताना हौशी बॉक्सिंग करत असे. तेव्हा आम्हाला एकच बचाव शिकवला जाई: दोन्ही मुठी गालांजवळ, कोपरे बरगड्यांना चिकटलेले. मूरचा बचाव याहून अगदी वेगळा होता. तो डावा हात पोटासमोर आडवा धरत असे आणि उजवा हात चेहऱ्यासमोरून आडवा नेऊन हनुवटी खांद्यामागे लपवत असे, म्हणजे दोन्ही हातांची घडी घातल्यासारखी दिसे. समोरच्याचा ठोसा त्याच्या कोपरावर, दंडावर किंवा खांद्यावर आदळत असे, आणि तो कमरेतून किंचित वळून त्या ठोशाचा जोर वाया घालवत असे. यातली खरी मेख पुढे आहे. हात आडवे असल्यामुळे कमरेच्या त्या वळण्यातच पुढच्या ठोशाची तयारी झालेली असते. बचाव संपला आणि प्रहार सुरू झाला असे दोन वेगळे क्षण राहतच नाहीत. त्याला मिळालेले ‘म्हातारा मुंगूस’ हे टोपणनाव मला म्हणूनच फार समर्पक वाटते. आपल्याकडे मुंगसाचा खेळ पाहिलेल्यांना ठाऊक आहे की मुंगूस सापाचा पहिला फणा अंगावर येऊ देते आणि तो परतत असताना झडप घालते.

हा बचाव मी सरावात करून पाहिला आणि पहिल्याच आठवड्यात नाक फोडून घेतले. चूक माझी होती. या पद्धतीत हातांपेक्षा नजर आणि अंतराचा अंदाज अधिक काम करतात, आणि तो अंदाज शेकडो फेऱ्या लढल्याशिवाय येत नाही. तरुणपणी सरकारी कामगार छावणीत असताना चालत्या ट्रकवर उभे राहून समोरून येणाऱ्या झाडांच्या फांद्या चुकवण्याचा सराव आपण करत असू, अशी आठवण मूर पुढे सांगत असे.

दुसरी गोष्ट वजनाची. या गटाची मर्यादा 175 पौंड, म्हणजे साधारण 79.4 किलो आहे. विजेतेपद राखण्यासाठी त्याला या मर्यादेत उतरावे लागे आणि अधल्यामधल्या काळात तो हेवीवेट प्रतिस्पर्ध्यांशी लढत असे, तेव्हा त्याचे वजन बरेच वर गेलेले असे. चाळिशीनंतर दरवेळी पंचवीस-तीस पौंड उतरवून पंधरा फेऱ्यांची ताकद शिल्लक ठेवणे किती कठीण आहे, हे ज्याने एकदा तरी वजनकाट्यावर उभे राहण्यासाठी पाणी तोडले आहे त्याला कळेल. मांस चावून रस तेवढा गिळायचा आणि चोथा थुंकून टाकायचा, ही युक्ती आपण 1940 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात एका आदिवासीकडून शिकलो, असे तो पत्रकारांना सांगत असे. ती गोष्ट कितपत खरी होती यापेक्षा, वजनाबद्दल उत्सुक असलेल्या वार्ताहरांना काय द्यावे हे त्याला नेमके ठाऊक होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरी बाजू

मूरविषयी मलाही आदर आहे, परंतु चर्चा एकाच दिशेने चालली आहे, म्हणून काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट एझर्ड चार्ल्सची. मूर आणि चार्ल्स तीन वेळा लढले: 1946 मध्ये पिट्सबर्ग, 1947 मध्ये सिनसिनाटी आणि जानेवारी 1948 मध्ये क्लीव्हलँड. तिन्ही वेळा चार्ल्स जिंकला, आणि शेवटच्या लढतीत त्याने मूरला आठव्या फेरीत नॉकआउट केले. हे मार्सियानो किंवा क्लेसारखे वजनाने किंवा वयाने वेगळे प्रतिस्पर्धी नव्हते. लढती याच गटातल्या तोडीच्या माणसाशी होत्या. चार्ल्सला तर या गटाच्या विजेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही आणि तो वर जाऊन 1949 मध्ये हेवीवेट विजेता झाला. संधी नाकारली जाणे हाच निकष असेल, तर या गटाचा सर्वांत थोर मुष्टियोद्धा म्हणून चार्ल्सचे नाव आधी घ्यावे लागेल, आणि माझे मत तेच आहे.

दुसरी गोष्ट हॅरॉल्ड जॉन्सनची. जॉन्सन आणि मूर एकूण पाच वेळा लढले आणि मूरने त्यांपैकी चार जिंकल्या, हे मान्य. शेवटची लढत ऑगस्ट 1954 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे विजेतेपदासाठी झाली. दहाव्या फेरीत मूर खाली पडला, पण चौदाव्या फेरीत त्याने जॉन्सनला संपवले. परंतु त्यानंतर जॉन्सनला मूरने पुन्हा संधी दिली नाही. वर्षानुवर्षे जॉन्सन हा अव्वल दावेदार असूनही मूर हेवीवेट लढतींच्या आणि सोप्या कमाईच्या मागे राहिला. अखेर विजेतेपद वेळेवर पणाला न लावल्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने 1960 मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाने 1962 मध्ये त्याची मान्यता काढून घेतली, आणि मगच जॉन्सन सर्वमान्य विजेता होऊ शकला. स्वतः सतरा वर्षे दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने दुसऱ्यासाठी ते दार बंद ठेवले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

131 नॉकआउटविषयीही एक नोंद करतो. त्यातला अखेरचा, मार्च 1963 मध्ये फिनिक्स येथील, माइक डिबियासी याच्यावरचा आहे, आणि डिबियासी हा व्यावसायिक कुस्तीगीर होता.

सांजवेळ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, आभारी आहे. माझा प्रश्न आता थोडा बदलला आहे. विजेतेपद मिळवण्याची कथा समजली, पण ते राखण्याच्या काळातली अशी कोणती एक लढत पाहावी, जिच्यातून मूर पूर्णपणे समजेल? मार्सियानोविरुद्धची पाहावी का?

जुनी तालीम

मार्सियानोची लढत अवश्य पाहा, पण आधी ड्युरेलची पाहा.

हेवीवेट विजेत्या मार्सियानोविरुद्धची लढत मूरने अक्षरशः स्वतः ओढून आणली. जून 1955 मध्ये त्याने मिडलवेट विजेत्या बोबो ओल्सनला तिसऱ्या फेरीत हरवले होते, तरी मार्सियानोकडून बोलावणे येत नव्हते. तेव्हा त्याने देशभरातल्या क्रीडा संपादकांना पत्रे पाठवली आणि शेरीफच्या वेशातल्या आपल्या छायाचित्रासह, मार्सियानोला पकडून आणणाऱ्यास बक्षीस देऊ, अशा जाहिराती छापल्या. 21 सप्टेंबर 1955 रोजी यांकी स्टेडियमवर 60,000 हून अधिक प्रेक्षकांसमोर त्याने दुसऱ्याच फेरीत उजव्या ठोशाने मार्सियानोला खाली पाडले. मार्सियानो लगेच उठला, तरी रेफरीने मोजणी चालू ठेवली आणि त्याला सावरायला वेळ मिळाला, अशी तक्रार मूर पुढे करत राहिला. त्यानंतर मार्सियानोने त्याला फेरीमागून फेरी झोडपले आणि नवव्या फेरीत लढत संपली. मार्सियानोची ती शेवटची लढत. रिकाम्या झालेल्या हेवीवेट विजेतेपदासाठी मूर पुढच्या वर्षी शिकागो येथे 21 वर्षांच्या फ्लॉइड पॅटरसनशी लढला आणि पाचव्या फेरीत हरला. त्या लढतीत त्याच्यात काहीच उरले नव्हते, आणि बहुतेकांनी त्याचा विषय संपला असे मानले.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून 10 डिसेंबर 1958 ची मॉन्ट्रियल फोरममधली लढत पाहा. समोर इव्हॉन ड्युरेल होता, न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरचा कॅनेडियन कोळी. मूरचे वय 41 किंवा 44. पहिल्याच फेरीत ड्युरेलने त्याला तीन वेळा खाली पाडले. त्यातला पहिला ठोसा असा बसला की मूर मोजणीच्या अगदी शेवटी उठला. रेफरी जॅक शार्की हा स्वतः एकेकाळचा हेवीवेट विजेता होता. त्याने लढत थांबवली असती तर कोणी दोष दिला नसता. पाचव्या फेरीत मूर चौथ्यांदा पडला. आता या चारही वेळा तो उठल्यानंतर काय करतो, ते थांबून थांबून पाहा. तो घाबरून मिठी मारत सुटत नाही आणि रागाने अंगावरही धावून जात नाही. हातांची ती घडी पुन्हा घालतो, ड्युरेलचे ठोसे दंडांवर घेतो, आणि पाय पुन्हा साथ देऊ लागेपर्यंत आखूड डाव्या ठोशांनी त्याला थोपवून धरतो. सातव्या फेरीत पहिल्यांदा ड्युरेल खाली पडतो. दहाव्यात तो पुन्हा पडतो, आणि अकराव्यात त्याची मोजणी पूर्ण होते. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच शहरात ते पुन्हा लढले तेव्हा मूरला तीनच फेऱ्या पुरल्या.

चार्ल्सविषयी ‘दुसरी बाजू’ यांनी जे लिहिले त्याचा प्रतिवाद मी करणार नाही. समोरासमोरच्या लढतींत चार्ल्सच सरस होता. जॉन्सनबाबतचा आक्षेपही मला बऱ्याच अंशी मान्य आहे, फक्त एवढेच म्हणेन की मूरला मोठी कमाई करण्याची संधी चाळिशीत पहिल्यांदा मिळत होती, आणि जॉन्सनशी पुन्हा लढण्यात धोका सर्वांत मोठा आणि बिदागी सर्वांत लहान होती. म्हणजे मूरला ज्या हिशेबाने बाहेर ठेवले गेले, तोच हिशेब त्याने पुढे स्वतः वापरला. माझे मत मात्र अजूनही मूरच्या बाजूने आहे, कारण चार्ल्सचे या गटातले उत्तम काम मुख्यतः 1940 च्या दशकातले आहे, आणि मूर 1940 च्या दशकातही अव्वल दावेदार होता आणि 1961 मध्येही ज्युलिओ रिनाल्डीविरुद्ध पंधरा फेऱ्या लढून विजेतेपद राखत होता.

उजवा हुक

ड्युरेलच्या लढतीविषयी शंभर टक्के सहमत. मॉन्ट्रियलचा उल्लेख आला म्हणून सांगतो: 2011 मध्ये त्याच शहरात बर्नार्ड हॉपकिन्सने वयाच्या 46व्या वर्षी जाँ पास्कलला हरवून याच गटाचे विजेतेपद मिळवले. वयस्क मुष्टियोद्धा वेगाची उणीव अंतराच्या जाणिवेने कशी भरून काढतो, हे पाहायचे असेल तर या दोन लढती एकापाठोपाठ पाहाव्यात.

क्लेविषयीही थोडे. 1960 च्या ऑलिम्पिकनंतर कॅशियस क्ले काही काळ कॅलिफोर्नियात मूरच्या सराव छावणीत शिकायला राहिला होता. तिथे प्रत्येकाने झाडलोट आणि भांडी धुणे यांसारखी कामे करायची असत; क्लेला ते पटले नाही आणि तो निघून गेला. नोव्हेंबर 1962 मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याने आपल्या या जुन्या गुरूला चौथ्या फेरीत हरवले, आणि ती चौथी फेरी त्याने आधीच जाहीर केली होती. मार्सियानो आणि अली या दोघांशीही व्यावसायिक लढत केलेला मूर हा एकमेव मुष्टियोद्धा आहे. म्हणून या पराभवाकडे मूरच्या पराभवांच्या यादीतली आणखी एक ओळ म्हणून पाहणे मला पटत नाही. त्या रात्री त्याच्या वयाची पन्नाशी जवळ आली होती आणि समोरचा मुलगा वीस वर्षांचा होता.

शिकवण्याचे काम त्याने पुढेही सोडले नाही. सॅन डिएगोत तो वस्तीतल्या मुलांसाठी ‘एनी बॉय कॅन’ हा उपक्रम चालवत असे, आणि ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमन अलीविरुद्ध उतरला तेव्हा फोरमनच्या कोपऱ्यात मूर उभा होता. फोरमन ती लढत हरला. परंतु नोव्हेंबर 1994 मध्ये 45 वर्षांच्या फोरमनने मायकेल मूररला हरवून हेवीवेट विजेतेपद परत मिळवले, त्या लढतीची चित्रफीत आपण नीट पाहा: पहिल्या फेरीपासून फोरमनचा डावा हात पोटासमोर आडवा आहे आणि उजवा चेहऱ्यासमोर. तेव्हा मूर हयात होता. त्याचे निधन डिसेंबर 1998 मध्ये सॅन डिएगो येथे झाले.

सांजवेळ

काल रात्री ड्युरेलची लढत दोनदा पाहिली. पहिल्या फेरीत तिसऱ्यांदा पडल्यावर मूर उठतो, तेव्हा तो ड्युरेलकडे पाहण्याआधी क्षणभर स्वतःच्या पायांकडे पाहतो असे मला वाटले. हे कोणाला जाणवले आहे का? या शनिवारी जॉन्सनविरुद्धची 1954 ची लढत पाहणार आहे, आणि ‘दुसरी बाजू’ यांची हरकत नसेल तर चार्ल्सविषयी स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती त्यांनाच करतो.